चुलीला दिलेली खोली

नव्या घराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांवर वाट्या पालथ्या घातल्या होत्या. तळमजल्यावर, दिवाणखान्याला लागून, एक लहानशी खोली होती. तिच्यात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : अप्पा.

अप्पा म्हणजे, ज्याचे हे घर व्हायचे होते, त्याचे वडील. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचण्यात त्यांचा जन्म गेला. परक्यांचे जिने चढता चढता गुडघे झिजले आणि आता स्वतःच्या मुलाच्या घराचा जिना चढण्याइतकेही त्राण त्यांत उरले नव्हते. म्हणून खोली तळमजल्यावर. हे इतके उघड होते की त्यावर कधी कुणी बोललेच नव्हते.

"एकच अडचण आहे," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. त्यांनी नकाशाशेजारी एक जुने, मासिकातून कापलेले चित्र ठेवले. भिंतभर राखाडी दगड, मधोमध पेटलेली आग, तिच्यासमोर लांबच लांब दगडी कट्टा, आणि कट्ट्यावर हातात पेले घेऊन बसलेली हसरी माणसे. ते चित्र त्याच्या बायकोने लग्नाच्या आधीपासून जपले होते. तिचे बालपण ओल धरलेल्या दोन खोल्यांत गेले होते. त्या चित्राविषयी बोलताना तिचा आवाज आपोआप खाली येत असे.

"धुराडं सरळ वर न्यायचं, लाकडांना कोनाडा हवा, कट्टा हवा. या भिंतीवर एवढं मावत नाही. ही छोटी खोली काढली, तर मात्र सगळं झकास बसतं."

"आणि अप्पा?" त्याने विचारले.

"वरची देऊ की त्यांना," बायको म्हणाली. "जिन्याला सरकती खुर्ची बसवू नंतर. मिळते हल्ली."

फायरप्लेसचा खर्च निघाल्यावर त्या खुर्चीला काही उरणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो तापमापके तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. दुसऱ्यांच्या काचेतला पारा खरे बोलतो की खोटे, हे तो एका नजरेत सांगे. स्वतःच्या मनातले मात्र त्याच्या ओठांपर्यंत कधी पोचत नसे. सहकारी त्याला थंडोबा म्हणत, आणि त्यावरही तो नुसता हसे.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," तो म्हणाला.

खोडरबर फिरला. शब्द गेला, कागदावर काळपट डाग राहिला.

अप्पा तेव्हा ताईकडे, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीकडे, राहत होते. घर पुरे होईपर्यंतच, असे ठरले होते. त्यांची खोली मागच्या बाजूची, पूर्वी अडगळीची. तिला ऊन ठाऊक नव्हते. तो आत आला तसे अप्पा आपल्या सवयीने खाटेवर भिंतीकडे वीतभर सरकले. कुणीही आले की ते असेच सरकत.

"ये, बैस. जागा आहे."

त्याने कसेबसे सांगितले. अप्पा ऐकता ऐकता हसायला लागले.

"दिवाणखान्यात चूल? मग सोफा काय स्वयंपाकघरात टाकणार?" आणि मग, त्याचा चेहरा पाहून, "अरे, मला काय! मला टेकायला कोपरा मिळाला की झालं. इथे बरं आहे. थोडं गार असतं, एवढंच."

ताई त्याला दारापर्यंत सोडायला आली. "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते ऐकलं होतं," ती म्हणाली. "चुलीला खोली नि बापाला अडगळ, हे आजच पाहिलं."

"ताई, तू तरी समजून..."

"समजूनच घेतेय रे. लहानपणापासून तेच करतेय."

चित्रात होती तशीच, थेट तशीच चूल उभी राहिली. दगडासाठी ठरलेली एक सहल रद्द झाली, धुराड्याच्या पोलादी नळीसाठी बायकोच्या बांगड्या गेल्या, पुढच्या काचेसाठी त्याची दोन वर्षांची सुट्टी रोखीत बदलली. शेवटचा दगड बसवून गवंड्याने हात झटकले आणि आरंभी अगदी बारीक विस्तव करा, बांधकाम हळूहळू सुकू द्या, असे बजावले. त्यांनी तसेच केले.

पहिल्या संध्याकाळी सगळे यथासांग पेटले. धूर सरळ वर गेला. ज्वाळा सोनेरी, उंच, देखण्या होत्या. बायकोने दिवे मालवले आणि कट्ट्यावर बसून दोन्ही तळवे आगीपुढे धरले. बराच वेळ तिने ते तसेच धरले. मग उठून आतून शाल आणली.

"लागत नाही रे," ती म्हणाली.

त्यानेही हात पुढे केला. आग होती, उजेड होता, लाकूड जळल्याचा वासही होता. ऊब नव्हती. उलट बोटांच्या टोकांना एक बारीक गारठा झोंबला. उघड्या विहिरीवर ओणवे झाल्यावर तोंडावर येतो तसा.

"ओल आहे अजून," तो म्हणाला. "उष्णता ती सुकवण्यात खर्च होत असेल." ते म्हणताना त्याला ते पटलेही होते.

पण आठवडा उलटला तरी फरक पडेना, तेव्हा त्याने प्रयोगशाळेतून एक तापमापक आणले, स्वतः तपासलेले. ते आगीपासून हातभर अंतरावर टांगले. लाकडे रसरसू लागली आणि काचेतला पारा खाली उतरू लागला. त्याने दुसरे तापमापक आणले. तेही उतरले. आयुष्यात प्रथमच त्याला वाटले, की काच खरे बोलते आहे आणि तेच भयंकर आहे.

त्याच सुमारास ताईचा फोन आला. आवाजात नेहमीची धार नव्हती.

"तू अप्पांच्या खोलीत हीटर-बिटर पाठवलायस का गुपचूप?"

"नाही. का?"

"संध्याकाळ झाली की खोली अशी ऊबदार होते, की ते स्वेटर काढून बसतात. गुडघेही दुखत नाहीत म्हणे. काल चक्क गुणगुणत होते."

तो दुसऱ्याच दिवशी गेला. अप्पांच्या गालांवर रंग होता. खाटेमागच्या भिंतीला त्याने तळवा लावला. भिंत कोरडी आणि सुखद गरम होती. पलीकडे उघडे आवार होते, आणि आवारात दहिवर. अप्पा भिंतीकडे सरकले, त्याला जागा करून दिली आणि अगदी सहज विचारले,

"परवाची लाकडं ओली होती का रे? फार चरचरत होती."

परवाची लाकडे ओली होती. हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते.

घरी परतताना त्याने वाटेतच जास्तीची लाकडे सांगून टाकली. खात्री करून घ्यावी म्हणून एका संध्याकाळी त्याने चूल मुद्दाम पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, की काल अप्पा पार गारठले होते, दोन रजया घालूनही हुडहुडी थांबेना. त्यानंतर त्याने एकही संध्याकाळ चुकवली नाही. कामावरून यावे, कोट अंगावरच ठेवावा, बेताचा विस्तव करावा आणि कट्ट्याच्या टोकाला कुडकुडत बसावे. त्याला बोलावे लागत नव्हते, क्षमा मागावी लागत नव्हती, कुणाशी भांडावे लागत नव्हते. नुसता एक ओंडका पुढे सरकवला, की कुठेतरी एका म्हाताऱ्याचे गुडघे मोकळे होत होते. मुलगा होणे इतके सोपे असेल असे त्याला कधी वाटले नव्हते. त्या गारठ्यात तो सुखी होता, आणि त्या सुखाची त्याला थोडी लाजही वाटे.

"जगात लोक फायरप्लेस बांधतात," बायको म्हणायची, "आपण एवढं ओतून फ्रीज बांधलाय. आणि तुला काय झालंय? थंडोबाला थंडीचंच वेड!"

ती हसून म्हणायची, पण एकदा त्याने तिला स्वयंपाकघरात ते मासिकातले चित्र हातात धरून उभी असलेली पाहिले. ती रडत नव्हती. नुसती पाहत होती.

एका रविवारी दुपारी तिच्या कार्यालयातले वरिष्ठ साहेब आणि काही मंडळी घर पाहायला येणार होती. आदल्या दिवशी तिने चूल बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्याने धुराड्यात डोके घातले, झडप खाली-वर केली.

"काही बिघडलेलं नाही वहिनी. तुम्ही भीतभीत जाळता. एकदा दणकून पेटवा. पोटभर लाकूड घाला. धुराडं एकदा मनापासून तापलं, की मग बघा."

मंडळी आली. कोट कुणी काढले नाहीत. चूल काठोकाठ भरली होती आणि तिचा उजेड छतापर्यंत नाचत होता.

"वा, काय देखणी आहे!" साहेब हात चोळत म्हणाले. "फक्त लाजाळू दिसते. घाला, अजून घाला!"

"पुरे आता," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला.

"का हो?"

सगळे वळून पाहू लागले.

"लाकडं... महाग झालीत."

एकच हशा पिकला. "हत्ती घेतला नि अंकुशाला रडता होय!" साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन ओंडके आत लोटले.

कोपऱ्यातल्या तापमापकाकडे त्याची नजर गेली. पारा काचेच्या तळाशी गेला होता. तो बोळात आला आणि त्याने ताईला फोन लावला.

"तुलाच करणार होते," ताई म्हणाली. "अप्पांना ताप चढलाय. अंगाला हात लाववत नाही. डॉक्टर निघालेत. अप्पा सारखं म्हणतायत, पुरे, विझवा, विझवा. कुणाला म्हणतायत रे? ऐकतोयस ना?"

त्याने स्वयंपाकघरातला पाण्याचा मोठा जग उचलला आणि तो दिवाणखान्यात आला.

चुलीत लाकडे धडधडत होती. तो कट्ट्यापाशी पोचला. बायको उठून त्याच्याजवळ आली, इतकी जवळ की तिचे बोलणे दुसऱ्या कुणाला ऐकू गेले नसते.

"आज नको," ती म्हणाली. "तुझ्या मनात काय आहे, मला माहीत नाही. पण आज नको. माझ्यासाठी."

जग जड होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"पाणी आणलंत? शाब्बास!" साहेबांनी आपला पेला पुढे केला.

त्याने पेला भरला.

मग दुसरा. मग तिसरा. जग रिकामा झाला.

चुलीच्या पोटात काहीतरी कडाडले.

आणि ऊब आली.

एकदम आली, अंगभर. कुणीतरी आश्चर्याने ओरडले. कोट उतरले, शाली उतरल्या. बायकोचा चेहरा उजळला; त्या चित्रातल्या हसऱ्या माणसांसारखा, अगदी तसाच.

बोळात फोन वाजू लागला.

मृत्यूचे कारण संसर्गाचा ताप, असे डॉक्टरांनी लिहून दिले. वय झाले होते. ताईने फक्त एवढेच सांगितले, की अप्पांच्या अंगाखालची चादर नुकतीच इस्त्री केल्यासारखी कडक आणि कोरडी होती. त्यापुढे ती त्याच्याशी बोलली नाही.

चूल त्यानंतर कुणी पेटवलेली नाही. लाकडांचा कोनाडा रिकामा आहे, राख कधीच काढून टाकली आहे. तरी दिवाणखाना ऊबदार असतो. बायको संध्याकाळी कट्ट्यावर पाय वर घेऊन वाचत बसते. तिला त्याचे दुःख कळत नाही असे नाही. ती त्याच्याशी जपून वागते. पण एकदा पान उलटताना ती तृप्तपणे, जरा चाचरत म्हणालीच,

"तुला राग येईल, पण एक सांगू? पैसे वसूल झाले शेवटी."

ऊब सगळ्या दगडांत सारखी नाही, हे तिला माहीत नाही. ती त्याने तपासून पाहिली आहे. कट्टा सगळा गारच असतो. फक्त भिंतीकडच्या टोकाला एक माणूस बसेल एवढा तुकडा तेवढा गरम. त्यावर ठेवलेल्या तापमापकात पारा सदतीस अंशांवर येऊन थांबतो आणि तिथेच राहतो. जिवंत माणसाच्या अंगाचा तो आकडा त्याच्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतही ओळखू यावा.

काल ती बाहेर गेली होती. तो बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मग पुढे आला आणि कट्ट्याला नुसता हात लावला. ऊब भिंतीकडे वीतभर सरकली, आणि त्याच्यासाठी गार दगडावर जागा झाली.