वसिष्ठाशेजारचा अंगिरस

डिंडोलीतल्या त्या लग्नात भटजींनी नवरीला मांडवाबाहेर आणलं आणि उत्तरेकडे बोट करून अरुंधती दाखवली. नवरीने नीट न बघताच मान हलवली. मंडळी पंगतीकडे वळली. जयश्री मात्र अजून वरच बघत होती.

"दिसली का तुम्हाला अरुंधती?" शेजारून कुणीतरी विचारलं.

नवरदेवाचा मित्र होता तो — कुंदन. पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात बसायचा.

"तिला नाही बघत मी. वसिष्ठाच्या शेजारचा बघतेय... अंगिरस."

"त्याच्यात काय एवढं?"

"विचित्र आहे तो."

बी.एस्सी.ची परीक्षा नुकतीच दिलेली जयश्री मग बोलतच सुटली. हा तारा म्हणजे एक मोठं चुंबक. त्या चुंबकत्वामुळे क्रोमियमसारखी मूलद्रव्यं त्याच्या अंगावर ठिकठिकाणी डागांसारखी साचलेली. पाचेक दिवसांत तो स्वतःभोवती फिरतो, डाग पुढे येतात, मागे जातात, तसा त्याचा उजेड किंचित बदलतो. डोळ्यांना कळत नाही, यंत्रांना कळतं. तिला पुण्याला जाऊन हेच शिकायचं होतं.

हातातला मठ्ठा विसरून कुंदन ऐकत राहिला. आकाशाकडे त्याने फारसं बघितलंच नाही.

"म्हणजे डाग असून चमकतो," तो म्हणाला.

"डाग आहेत म्हणूनच लोक त्याच्याकडे इतकं निरखून बघतात."

"मीही बघतोय की... निरखून."

जयश्रीने पदर सावरला. हसू काही तिला सावरता आलं नाही.

जयश्री उधन्यात राहायची. त्यानंतर कुंदनला तिकडे रोज काही ना काही काम निघू लागलं. बस तिचीच, वेळही तिचीच. एकदा गर्दीत दांड्यावर त्याचा हात तिच्या हाताला टेकला — दोघांनीही काढला नाही.

वैशाखात कुंदनची आई, मंगलाबाई, त्याला घेऊन मागणी घालायला आल्या. यंत्रमागावर राबणारे जयश्रीचे वडील, लोटूअप्पा, खूश झाले. मग मंगलाबाईंनी अट सांगितली. लग्न याच उन्हाळ्यात, पुण्याचं नाव काढायचं नाही.

"तारा देखीसन पोट भरस का?" त्या म्हणाल्या.

जयश्रीने कुंदनकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता... बसूनच राहिला.

तिने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

"मुलगा मला आवडतो, हे सगळ्यांसमोर सांगते," ती म्हणाली. "पण जो आत्ता गप्प बसला, त्याच्याशी मी लग्न करणार नाही. मी पुण्याला जाणार."

पाहुणे उठून गेले. अप्पांनी तिच्याशी बोलणं सोडलं. गल्लीने बोलायला सुरुवात केली. जयश्रीने प्रवेशाचं सगळं एकटीने केलं.

निघायच्या दिवशी मात्र अप्पांनी तिची ट्रंक उचलली आणि उधना स्टेशनपर्यंत आणली. गाडीत ती खिडकीशी बसली, तेवढ्यात कुंदन धावत आला. आईला सगळं स्पष्ट सांगून आलो, म्हणाला. आई आता त्याच्याशी बोलत नव्हती.

"दोन वर्षांनी शिक्षण संपेल, असं समजू नकोस," जयश्री म्हणाली. "मी पुढेही शिकणार. लग्नानंतरही."

"ठाऊक आहे. थांबवायला नाही आलो." त्याला दम लागला होता. "माझ्याशी लग्न करशील? तू म्हणशील तेव्हा."

"त्या दिवशी का नाही बोललास?"

"घाबरलो. आजही घाबरलोय... पण आलो."

अप्पा सिग्नलकडे बघत उभे होते. शेजारच्या डब्याजवळ गल्लीतली चार ओळखीची माणसं होती, ती मात्र इकडेच बघत होती. जयश्रीने खिडकीतून हात बाहेर काढून कुंदनचा हात धरला.

"हो," ती म्हणाली, त्या चौघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. गाडी हलेपर्यंत तिने हात सोडला नाही.