शिंपीणबाईंचं माप

त्या दुपारी डॉक्टर प्रयोगशाळेत आले ते फक्त कातडीचा एक तुकडा छापून न्यायला. काम तसं रोजचंच. जखमेचं माप यंत्राला द्यायचं, जिवंत पेशींचा लगदा नळीत भरायचा, की सुई थरावर थर घालत नेमकी त्या मापाची कातडी तयार करायची.

लगदा मात्र शिंपीणबाईंचा होता. त्यांच्या नडगीची जखम भरावी म्हणून त्यांच्याच मांडीतून पेशी घेऊन वाढवलेला. तेवढ्यात डॉक्टरांच्या लेकीचा गाल उकळत्या पाण्यानं भाजला. तिच्या पेशी वाढायला वेळ लागला असता. या तयार होत्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! डॉक्टरांनी लगदा लेकीसाठी दाबून ठेवला.

"डॉक्टर, माझा नंबर कधी?" बाई दर खेपेला विचारायच्या.

"लवकरच."

पाय सडत गेला. शेवटच्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, "माप माझं घेतलंत... आणि शिवताय कुणासाठी?" या दुपारच्या आदल्याच दिवशी त्या गेल्या होत्या.

डॉक्टरांनी गालाचं माप दिलं. सुई फिरली. तुकडा आला लांबट, अरुंद, एका टोकाला फाटा फुटलेला. बाईंच्या नडगीवरच्या जखमेचा! त्यांनी तो कचऱ्यात टाकला. पुन्हा गालाचं माप दिलं, पुन्हा नडगीच आली. बंद खोलीत सडक्या जखमेचा वास भरला.

"बाई... पुरे आता," ते पुटपुटले. "पोरीचा काय दोष?"

सुई थबकली. मग तिनं मुकाट्यानं गाल छापला.

लेकीचा गाल असा भरून आला की बघणारा थक्क व्हावा. डॉक्टरांच्या जिवात जीव आला. पण काही दिवसांनी पोर लंगडायला लागली.

"काय झालं गं?"

ती आरशासमोर बसली होती. मान न वळवता, स्वतः कधीही न ऐकलेल्या बाईंच्या आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर... माझा नंबर कधी?"

त्यांनी तिचा परकर वर केला. नडगीवर जखम होती. लांबट, अरुंद, एका टोकाला फाटा फुटलेली.

ते धावतच प्रयोगशाळेत गेले. नडगीचं माप दिलं. सुईनं गाल छापला. पुन्हा दिलं, पुन्हा गालच. ते यंत्रापुढे हात जोडून लहान मुलासारखे रडले.

तिसरा तुकडाही गालाचाच निघाला. फक्त या खेपेला त्याच्या कडेनं बारीक, एकसारखी तुरपाई घातलेली होती.