डब्याच्या तळाशी अँटिग्वा

“तूच घेतलंस ना?” ऋषीने विचारलं. सख्ख्या धाकट्या भावाने असं विचारावं, याचाच नीरजाला जास्त राग आला.

“मी कशाला घेऊ ते कार्ड?”

“काल तूच म्हणालीस, ताईचे फोटो हरवले तर बरं होईल. आय हर्ड यू.”

म्हणाली होती खरी. कॅल्गरीची मामेबहीण ईशिताताई पाठीवर एकच सॅक टाकून ग्वाटेमालातल्या अँटिग्वा गावात तीन आठवडे राहिली आणि घरी परतण्याआधी एटोबिकोला त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरली. झालं! घरात दुसरा विषयच नाही. रस्त्यावरची पिवळी कमान, तिच्यामागे ज्वालामुखी, दगडी गल्ल्यांत जगभरच्या टूरिस्टांची गर्दी, हॉस्टेलच्या एका खोलीत आठ बंक बेड. आई तिला न मागता तूप वाढायची. आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत नीरजाच्या मागे क्रीकपर्यंत, म्हणजे पलीकडच्या ओढ्यापर्यंत, सायकल दामटणारा ऋषी आता ताईच्या पायाशी बसून असायचा. नीरजाचा नुसता जळफळाट होत होता. ताई बोलायला लागली की ती मुद्दाम पुस्तकात डोकं घालायची.

आज पाच वाजता मराठी मंडळातली माणसं फोटो बघायला येणार होती आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्डच गायब होतं. तिकडे पहिल्याच आठवड्यात फोन बसमध्ये विसरल्यापासून ताई प्रत्येक वस्तू लपवून ठेवायला लागली होती.

“इथेही लपवलं, एवढं नक्की,” ताई रडवेली होऊन म्हणाली. “पण रात्रभर एअरपोर्टवर बसून आले होते गं. कुठे ठेवलं, आठवतच नाही.”

कार्ड सापडलं नाही तर ऋषी आपल्याला जन्मभर चोर समजणार, हे नीरजाला कळून चुकलं.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “ताई हॉस्टेलमध्ये पासपोर्ट कुठे ठेवायची? बिस्किटांच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली. खाऊच्या डब्यात कोणी चोरायला बघत नाही म्हणून.”

“तू तर ऐकतच नव्हतीस,” ऋषी म्हणाला.

“मी सगळं ऐकत होते.”

बेसमेंटच्या फळीवर शेजारच्या पद्मजाकाकूंचा स्टीलचा रिकामा डबा पडून होता. आता तो तिथे नव्हता. नीरजा, ऋषी आणि आरव धडाधड वर पळाली. आरव हा काकूंचा मुलगा. त्याचे आईबाबा वीकएंडला मॉन्ट्रियलला जाणार होते, म्हणून तो इथे राहायला आला होता.

“तो डबा? काकू निघाल्या तेव्हा आत्ताच दिला की,” आई म्हणाली. “कुणाचा डबा रिकामा परत करतात का? शंकरपाळे भरून दिले, त्यांना वाटेत खायला.”

“धुतलास?” नीरजाने विचारलं.

“कोरडा होता, कागदही स्वच्छ होता. त्यावरच भरले.” मग आईला मुलांचे चेहरे दिसले. “का गं?”

आरवने आईबाबांना फोन लावून पाहिला. कोणी उचलला नाही. “बाबा आधी कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गॅस भरतो,” तो म्हणाला. “मग टायरची हवा बघतो. टेन मिनिट्स, मॅक्स!”

सायकली पार्कमधल्या रस्त्याने सुसाट निघाल्या. चढावर ऋषी आणि आरव मागे पडले. नीरजा पंपावर पोचली तेव्हा आरवचे बाबा गाडीत बसत होते. तिने काच ठोठावली.

“अगं, आरवला काही झालं का?” पद्मजाकाकूंनी घाबरून विचारलं.

“नाही काकू. शंकरपाळे परत हवेत.”

“दिलेले परत?” म्हणत काकूंनी डबा ओढणीत उपडा केला. नीरजाने कागद उचलला. नखाएवढं कार्ड पिठीसाखरेने माखून तिच्या तळहातावर आलं.

काकू मांडीवरचे शंकरपाळे सावरत होत्या. कोणाचंच लक्ष नव्हतं. पायाशी गटाराची जाळी होती. कागदाखाली काहीच नव्हतं म्हटलं की अँटिग्वा संपलं असतं, फोटो संपले असते, आणि ऋषी पुन्हा आपला झाला असता. नीरजाने मूठ घट्ट मिटली.

“मिळालं का?” ऋषी धापा टाकत आला. “मिळालं नसेल तरी असू दे. सॉरी. तू घेतलं नव्हतंस.”

तिने मूठ उघडली.

संध्याकाळी बेसमेंटमध्ये पिवळी कमान भिंतभर उजळली. मंडळातले म्हातारे डॉक्टर भाऊसाहेब नीरजाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आम्ही मोठ्यांनी घालवलं, तू शोधलंस. शाब्बास!” आई ओशाळून हसली.

नीरजाचं लक्ष फोटोंकडे होतं. प्रत्येक फोटोत ताई एकटीच होती.

“तुझ्याबरोबर कोणीच नव्हतं?” तिने हळूच विचारलं.

“नाही. फोटोसुद्धा अनोळखी माणसांकडून काढून घ्यायचे. हॉस्टेलच्या कंप्युटरवर आत्याने पाठवलेले तुमचे फोटो बघायचे. तुम्ही तिघं सायकलींवर, चिखलाने बरबटलेले. इतकी जळायचे मी तुझ्यावर!”

नीरजा ताईकडे वळली.

“कार्ड मी टाकून देणार होते,” ती म्हणाली. “मिनिटभर.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, फक्त सोफ्यावर सरकून तिला जागा करून दिली.

“उद्या आम्ही क्रीकला जाणार आहोत,” नीरजा बसत म्हणाली. “आईची सायकल घे. पण सगळ्यांच्या पुढे मीच असणार.”