सगुणाच्या विमानाचे सोळा पेच

"अगं, दांडा उजवीकडे घे! उजवीकडे!" कोंडाजी ओरडला.

"घेतलाय रे! पार मांडीला टेकलाय, तरी हे डावीकडेच चाललंय!" विमानातून सगुणाचा आवाज आला.

"पडलं! पडलं! लय जोरात पडलं!" मल्हारीने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

विमान काही पडलं नाही, कारण ते मुळी उडतच नव्हतं. सातपूरच्या कामगार वसाहतीत, सभागृहाच्या मागच्या खोलीत ते एका लोखंडी खांबावर बसवलेलं होतं. लाकडी सांगाडा, पत्र्याचं नाक, आत एक खुर्ची, हाताशी दांडा आणि पायांशी दोन पट्ट्या. खालच्या चार कोपऱ्यांना पेटीच्या भात्यासारखे चार मोठे भाते. पंप सुरू केला की त्यांत हवा भरायची आणि दांडा हलवावा तसं विमान झुकायचं, वळायचं, नाक वर करायचं. खरे वैमानिकसुद्धा आधी जमिनीवर अशाच यंत्रात शिकतात. निवृत्तीकाकांनी विमानाच्या कारखान्यात वीस वर्षं नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एकेक वस्तू जमवून वसाहतीतल्या मुलांसाठी हे विमान उभं केलं होतं.

सगुणाच्या वर्गातल्या कोंडाजीने पंप बंद केला. विमान डाव्या कुशीवर कलंडून बसलं.

"आमच्या लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं, की तो अस्साच बसतो," मल्हारी म्हणाला. तो सगुणाचा मामेभाऊ. दिवाळीच्या सुट्टीत आला होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याला कांद्यावरूनच कळायची.

सगुणा दोन्ही हातांवर जोर देऊन खाली उतरली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायात ताकद कमी होती. खोखोच्या वेळी ती शिट्टी घेऊन कडेला उभी राहायची. पण या विमानात तिच्याइतकं सरळ कुणालाच चालवता येत नसे! बालदिनाला नाशकातल्या सगळ्या शाळांची मुलं विमान बघायला येणार होती आणि त्यांच्यासमोर ते चालवणार होती सगुणाच.

"बिघडलं ना?" दारातून खंडेराव आत आले. सभागृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. "मला वाटलंच होतं. म्हणून तर कालच गेणू मिस्त्रीला सांगून ठेवलं. बारा वाजता येतोय तो. सगळे पेच सोडून, कारखान्याच्या पुस्तकात दिल्यात तसे पुन्हा बसवील. एकदम नव्यासारखं!"

"सगळे पेच?" सगुणाचा चेहरा उतरला. "काका, नको! ते पेच माझ्या पायाच्या मापाने लावलेत. पुस्तकाप्रमाणे लावले तर डावी पट्टी मला दाबताच येणार नाही!"

"मग दुसरं कुणी बसंल! पोरांना काय तोटा हाय का?" असं म्हणून खंडेराव निघूनही गेले.

 मग मल्हारीने मनगटावरच्या नसलेल्या घड्याळात पाहिलं. "दहा वाजले असतील. दोन तास हायेत. चला की!"

निवृत्तीकाकांचं घर समोरच होतं. ते खाटेवर उताणे पडले होते, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. वाकायचं नाही, उठायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

सगळं ऐकून ते हळहळले. "सोळा पेच आहेत पोरांनो. एकेक पेच कानाने आवाज ऐकून लावलाय. वर्ष गेलं त्यात. आता हे डोळे आणि हे थरथरते हात... मला पुन्हा नाही जमायचं."

"पण तुम्ही कुठे लिहून ठेवलं असेल ना?" कोंडाजीने वही उघडली.

 "लिहायचं राहिलं रे," काका ओशाळून म्हणाले. "म्हटलं, मी आहेच की!"

"काका, ते डावीकडेच कलंडतंय," सगुणा म्हणाली. "म्हणजे?"

"म्हणजे डावा पुढचा भाता हवा धरत नाहीये. त्याची झडप बघायची. नाकाखाली पत्र्याची डबी आहे, तिच्यात असते. झाकण तीन नंबरच्या पेचाने धरलंय, आणि डावी पट्टी किती हलकी तेही तोच पेच ठरवतो. बाकी पंधरांना बोटसुद्धा लावायचं नाही! आणि खूण केल्याशिवाय पाना लावायचा नाही. पेचावरून पत्र्यावर एक रेघ ओढायची. मग किती वळसे सोडले ते मोजायचे. तेवढेच परत आवळले आणि रेघेला रेघ जुळली, की पेच होता तिथेच आला."

"रेघ कशाने ओढू? खडू तर पुसला जाईल."

तेवढ्यात काकांच्या पत्नी, सुलाकाकू, देवघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात जपमाळ होती. चातुर्मासात त्यांचा नेम असे : सकाळी जपाला बसलं, की बारापर्यंत मौन. त्यांनी कपाळाकडे बोट दाखवलं, फडताळातून ओल्या कुंकवाची बाटली काढली आणि सगुणाच्या हातात ठेवली.

"वा काकू!" कोंडाजी उडालाच. "हे वाळलं की रंगासारखं बसतं!"

काकू हसल्या. काकांच्या पान्यांची पिशवी काखेत मारून, चपला पायांत सरकवून त्या मुलांबरोबर निघाल्यासुद्धा.

"काकू येतायत? पण त्या तर बोलणार नाहीत!" मल्हारी कुजबुजला.

काकूंनी त्याचा कान हलकेच पिळला. बोलण्याची गरजच पडली नाही.

सभागृहात काकू भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांचा जप पुन्हा सुरू झाला. सगुणा विमानाच्या नाकाखाली फरशीवर आडवी झाली आणि लगेच किंचाळली, "आई गं! चावली!"

"काय चावलं?"

"मुंगी! अरे, एक नाही, रांगच आहे! बघा तरी!"

खिडकीतून निघालेली लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून, खांबावरून थेट पत्र्याच्या डबीपर्यंत गेली होती. डबीला हवा बाहेर पडायला बोट जाईल एवढी भोकं होती. मुंग्या तिथून आत जात होत्या आणि पांढरे पांढरे कण घेऊन बाहेर येत होत्या.

"विमानात काय जेवण वाढतात काय?" मल्हारीने डोकं खाजवलं.

"तेच तर बघायचंय! लोखंडात आणि तेलात मुंग्यांना काय मिळतंय?" सगुणा म्हणाली. "कोंड्या, आधी खुणा!"

कोंडाजीने बाटलीतल्या काडीने एकेका पेचावर लाल रेघ ओढली. सोळाच्या सोळा! न जाणो, कुणाचा हात लागला तर? रेघा वाळेपर्यंत तिघांनी श्वाससुद्धा जपून घेतला. मग सगुणाने तीन नंबरला पाना लावला. जागा इतकी अडचणीची, की पाना एका वेळी अर्धाच वळसा फिरायचा. अर्धा वळसा, पाना काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा अर्धा.

"एक..." कोंडाजी मोजू लागला. "दीड... दोन..."

"हळू मोज, माझा हात घसरतोय."

"साडेचार... पाच..."

धाड्‌! दार उघडलं.

"अरे कार्ट्यांनो! हात कुणी लावायला सांगितला?" खंडेराव गरजले. त्यांच्यामागे, ठरल्या वेळेआधीच आलेला, पेटी घेतलेला गेणू मिस्त्री उभा होता.

कोंडाजीच्या हातातली वही उडाली. दचकलेल्या सगुणाने घाईघाईने पाना फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, आणि पेच टणकन फरशीवर पडून गडगडत गेला. मल्हारीने त्याच्यावर झेप घातली.

"सापडला! पेच सापडला!"

"पण वळसे किती झाले?" सगुणाच्या आवाजात रडू आलं. "कोंड्या, किती?"

"सहा! नाही... साडेसहा? मी... मी पाचाच्या पुढे मोजत होतो, पण..."

"सात झाले, मी बघत होतो!" मल्हारी म्हणाला.

"तू दाराकडे बघत होतास!"

"बघा, हेच होतं पोरखेळाने!" खंडेराव म्हणाले. "आता सगळेच पेच सोडल्याशिवाय इलाज नाय. गेणू, लाग कामाला."

पण गेणू मिस्त्री गुडघ्यावर बसून उघड्या डबीत डोकावत होता. त्याने दोन बोटं आत घातली आणि काहीतरी चिकट, मुंग्यांनी भरलेलं बाहेर काढलं.

"खंडेराव, हे बघा. तुमच्या विमानात करवंटी निघाली!"

खरंच! अंगठ्याच्या नखाएवढा करवंटीचा तुकडा, त्याला चिकटलेलं खोबरं. तो सरकत सरकत नेमका झडपेखाली येऊन अडकला होता. झडप मिटत नव्हती आणि हवा निसटत होती!

"करवंटी? इथे नारळ कुणी आणला?" कोंडाजीने विचारलं.

खंडेराव बघतच राहिले. त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "खंडेनवमी... मी सगळ्या यंत्रांची पूजा केली, तवा ह्याचीबी केली. नारळ ह्या खांबावरच फोडला. काकांचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून जरा जोरातच..." 

कुणीच हसलं नाही. मल्हारीलाही हसू आवरता आलं.

"बिघाड निघाला, हे खरं," मिस्त्री म्हणाला. "झडप पुसली की झालं. पण पेच किती आवळायचा? अर्ध्या वळशाचा जरी फरक पडला तरी पट्टी जड होईल. लाल रेघ प्रत्येक वळशाला जुळंल. कोणता वळसा खरा?"

सगुणा फरशीवरच बसून राहिली. इतकं जवळ येऊन सगळं गेलं होतं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. एकदा, दोनदा, जोरजोरात! सुलाकाकू उठून उभ्या राहिल्या होत्या. एका हाताने त्या मुलांना जवळ बोलावत होत्या. दुसऱ्या हातात जपमाळ होती आणि अंगठा एका मण्यावर घट्ट दाबलेला होता. त्यांनी पान्याकडे बोट दाखवलं, हवेत अर्धा वळसा फिरवला आणि एक मणी दाखवला. पुन्हा अर्धा वळसा, पुन्हा एक मणी.

"काकू!" सगुणा ओरडली. "प्रत्येक अर्ध्या वळशाला तुम्ही एक मणी ओढत होता?"

काकूंनी जोरजोरात मान हलवली.

कोंडाजी मणी मोजू लागला. या वेळी मोठ्याने आणि मुळीच न अडखळता. "एक, दोन, तीन... तेरा, चौदा, पंधरा! पंधरा मणी! म्हणजे साडेसात वळसे!"

मिस्त्रीने कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने झडप स्वच्छ पुसली आणि वाळू दिली. मग पाना सगुणाच्याच हातात दिला. "पोरी, तू सोडलास, तूच आवळ."

एक. दोन. तीन. काकूंच्या बोटांत मणी सरकत होते. पंधराव्या मण्याला पाना थांबला आणि पेचावरची लाल रेघ पत्र्यावरच्या लाल रेघेला बरोबर भिडली!

"पंप!" सगुणा म्हणाली आणि खुर्चीत चढून बसली.

भाते फुगले. विमान हललं, कण्हलं आणि हळूच सरळ झालं. सगुणाने डावा पाय पट्टीवर ठेवला, जेमतेम दाबला. विमान डौलात डावीकडे वळलं, दांडा हलवताच परत सरळ आलं!

"आपली पट्टी! अगदी आपलीच!" ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

त्याच क्षणी कारखान्याचा बाराचा भोंगा वाजला.

"बाई गं, सुटले एकदाची!" सुलाकाकूंच्या तोंडून बाहेर पडलं. "जीव नुसता घशात आला होता माझा! तुम्ही सहा-सात करत भांडताय आणि मला बोलता येईना!"

सगळे खो खो हसत सुटले. खंडेराव सगळ्यांत मोठ्याने हसले. मग खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं. देवाच्या कामात चूक झाली."

"देवाच्या कामात नाही हो. भाव चांगलाच होता," काकू मऊपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नारळ पाटावर फोडा, विमानाच्या नाकाशी नको, एवढंच. आणि पोरीची माफी मागा. दुसरं कुणी बसंल, म्हणालात म्हणे."

खंडेरावांनी खरोखरच माफी मागितली. बालदिनाला पहिली खुर्ची सगुणाची, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं.

काकांच्या खिडकीपर्यंत पंपाचा आवाज पोचत होता. मुलं धावत गेली तेव्हा ते पट्टी बांधलेला चेहरा खिडकीकडे करून ऐकत होते.

"हाच!" ते म्हणाले. "हाच आवाज! कुणी लावला पेच? माझ्या हाताखालची माणसं इतक्या शिस्तीने काम करत नव्हती! शाबास रे पोरांनो!"

"पण काका, आता सगळं लिहून ठेवायचं," कोंडाजीने वही पुढे ओढली. "तुमच्यावर भरवसा नाही!"

"नाहीच ठेवायचा," काका हसले. "लिही. पेच क्रमांक तीन..."

"साडेसात वळसे," सगुणा म्हणाली.

"तसंच लिही," काका म्हणाले. "आणि शेजारी कंसात लिही, पंधरा मणी. या घरात दोन्ही मोजमापं चालतात."

सुलाकाकूंनी चकल्यांचा डबा उघडला. मल्हारीने पहिली चकली उचलली, विमानासारखी हवेत फिरवली आणि अगदी सरळ तोंडात उतरवली.