आदगोंडा अण्णांची प्रत

तो टॉर्च बंद कर रं सूरज. तालीम संपली, आता घरी जायच्या आधी एवढं ऐकून जा. तुम्ही पोरं जुन्या नाटकावर मूकपट काढायचा म्हणताय. काढा. पण गोमटेशचं काय झालं ते आधी कानावर असू दे. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा तो थोरला पोरगा. मी सांगतोय ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

शनिवार होता, आठ फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, माघातली एकादशी. दुपारी चारच्या सुमाराला गोमटेश माधवनगरला आदगोंडा अण्णांच्या घरी गेला. काम साधंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात त्याच्या मूकपटाला पहिलं बक्षीस मिळणार होतं आणि आयोजकांना मूळ नाटकाची जुनी प्रत मांडायला हवी होती. ती अण्णांकडं होती, आणि अण्णा दिवाळीनंतर पंधरा दिवसांतच गेले होते.

अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे प्रॉम्प्टर. बेचाळीस वर्षं डाव्या विंगेत, स्टुलावर, मांडीवर प्रत आणि हातात बॅटरी. नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचे. पहिला शब्द फक्त, बाकीचं ज्याचं त्यानं उचलायचं. आणि कोण कुठं अडला ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. फुली, नाव, गाव, तारीख. कुणालाही सोडलं नाही. माझ्या नावाच्या अकरा फुल्या आहेत त्यात, हसू नका.

चार तासांचं संगीत नाटक गोमटेशनं वीस मिनिटांच्या मूकपटात बसवलं, असं लोक समजतात. बसवलं अण्णांनी. चार महिने हा त्यांच्या सोप्यात बसून नुसतं लिहून घेत होता. "हे वाक्य डोळ्यांत जातंय, काढ," अण्णा म्हणायचे. "हे पद तिच्या पाठमोरं हुबं ऱ्हाण्यात आलं. हे मातर कशातच मावत न्हाई, ह्येची पाटी लाव." असं करत सगळ्या नाटकाच्या नऊ पाट्या, म्हणजे पडद्यावर लिहून दाखवायचे शब्द, एवढ्याच उरल्या. त्या बदल्यात म्हाताऱ्यानं एकच मागितलं.

"बेचाळीस वर्सं कुणाला दिसलो न्हाई रं. एका पाटीवर माजं नाव टाक."

"पहिल्याच पाटीवर, अण्णा."

अण्णा गेले आणि पहिल्या पाटीवर अक्षरं आली, 'रूपांतर : गोमटेश'. मेलेला माणूस कुठं बघायला येतोय, असा त्यानं हिशेब केला. मला त्याचा अजून राग येतो, लपवत नाही.

गुणमालाकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, प्रत दाखवली पण दिली नाही. "त्यांच्या हातातनंच ती भाईर जायची. आता कुणाच्या हातात देऊ?" प्रत ट्रंकेत ठेवून त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. मग विचारलं, "त्यांचं नाव टाकलंयस न्हवं रं?"

"व्हय की काकू. पहिलंच."

काकूंनी डोळे पुसले आणि त्याच्या हातावर साखर ठेवली. ती खाऊन हा साताऱ्याला निघाला.

नाट्यगृहात रात्रीचा दुसरा प्रयोग होता. तो संपून पडदा आणि प्रोजेक्टर याच्या ताब्यात यायला सव्वाअकरा झाले. राखणदार अर्जुना म्हणाला, "एकडाव लावून बगा आन् सांगा. मी गेटवर हाय." आणि तो गेला.

गोमटेश लॅपटॉप मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसला. पहिली पाटी आली. स्वतःचं नाव मोठं, पांढरं, छान दिसत होतं. मग राणी झालेली पल्लवी आली. त्यानं हा मूकपट दोनशे वेळा पाहिला असेल. सातव्या मिनिटाला दरबार. पल्लवीनं हात उचलला.

आणि थांबली.

लॅपटॉप अडकला असं त्याला वाटलं. पण मागच्या समईची ज्योत हलत होती. पल्लवीची छाती वरखाली होत होती. चित्र चालू होतं... तीच थांबली होती. राजाही थांबला. मग शिपाई. सगळ्यांनी हळूहळू माना वळवल्या. डावीकडं.

वाक्य विसरलेला नट असाच बघतो. तुम्हाला माहीत आहे. गोमटेशलाही माहीत होतं.

त्यानं बटणं दाबली. काही नाही.

डावी विंग अंधारात होती. तिथं... स्टुलाच्या उंचीवर... पिवळा ठिपका लागला. बॅटरीचा.

पान उलटल्याचा आवाज आला.

मग अगदी हळू, "आदगोंडा..."

एवढंच. पहिला शब्द.

आता पडद्यावरचे सगळे गोमटेशकडं बघत होते.

लॅपटॉप मांडीवर होता. पाटी बदलायला पाच मिनिटं पुरली असती. नुसतं ते नाव मोठ्यानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं तोंड उघडलं...

नाही.

"आदगोंडा..."

...

अण्णा तिसऱ्यांदा शब्द कधीच द्यायचे नाहीत. ठिपका विझला. पल्लवीनं हात खाली घेतला. चित्र पुढं सरकलं.

काय रं सूरज? पाटी बदलली का? नाही बदलली. रात्रीचा भास म्हणाला आणि सकाळी त्याच पाटीवर बक्षीस घेतलं. टाळ्या पडल्या. मी होतो तिथं, मीसुद्धा वाजवल्या.

आठवड्यानं माधवनगरला गेलो. प्रत बघायची म्हटलं. काकूंनी कनवटीची किल्ली काढली. "गोमटेश आल्ता, त्या दिसापासनं उगडली न्हाई," म्हणाल्या. मी दरबाराचं पान काढलं.

समासात एक फुली. अण्णांचं उजवीकडं कललेलं अक्षर. गोमटेश. सातारा. आठ फेब्रुवारी.

मी त्यावरनं बोट फिरवलं.

काकूंना वाचता येत नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "शिनेमात त्यांचं नाव पयलंच हाय म्हणं. तुमी बगितलं न्हवं, दादा?"

मी अडलो, पोरांनो. बाराव्यांदा. डावीकडं बघितलं... तिथं नुसती भिंत.

आणि बोटाला पेन्सिलीची काळी पूड लागली होती.