भूशिरावरचा मासा

"माझा मासा चोरला, अक्का! सरांनीच चोरला!"

धुळ्याच्या देवपुरातल्या महाविद्यालयाच्या दालनात संशोधक विद्यार्थिनी डिंपल संतापाने रडत होती. भिंतीवरच्या पांढऱ्या कापडावर प्राचीन कातळशिल्पातल्या माशाचा कोळशाने घेतलेला ठसा होता. खाली पाटी : 'संशोधन – प्रा. हितेंद्र'. उद्घाटनाचे पाहुणे जमू लागले होते.

जळगावच्या खासगी गुप्तहेर सुलक्षणाअक्कांच्या कपाळाची शीर तटतटली. चोरापेक्षा चोरीवर स्वतःची पाटी लावणारा त्यांना अधिक सलत असे.

"रडू नकोस. सांग."

"कोकणातल्या एका भूशिराच्या टोकाशी, कड्याच्या पोटात हा मासा कोरलाय. खाली उभं राहायच्या खडकावर कालवंच कालवं. शिंपल्यांनी तळवे फाटले माझे. घाईघाईनं, तुकड्यातुकड्यांनी ठसा घेतला. कापड आणि तिथले फोटो विभागाच्या कपाटात ठेवले होते."

कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे : हितेंद्र सर आणि त्यांची सहायक भूमिका. भूमिका आधी आली.

"मी हात लावला नाही, अक्का. सर सुट्टीत कोकणात गेले होते, एवढं खरं."

मग हितेंद्र सर हसत आले. "पोरीचा हट्ट, दुसरं काय! सकाळी त्या खडकावर सतरंजी टाकली, डबा तिथेच खाल्ला, सूर्य बुडेपर्यंत एका बैठकीत काम संपवलं."

"आणि कालवं?"

"होती की! त्यांच्यावरच सतरंजी टाकली."

"मध्ये उठला नाहीत?"

"कशाला उठू? समुद्र खाली, मी वर!"

अक्कांचे धुळ्याचे सोबती नथ्थूभाऊ कुजबुजले, "अक्का, माले वाटस सर खरा शे. एका बैठकीनं काम. पोर तुकडा तुकडा कसाले करी?"

"नथ्थूभाऊ, तुम्ही आणि सर, दोघेही पांझरा नदीकाठचे!" अक्का कडाडल्या. "नदीचं पाणी ओसरलं की ओसरलं. समुद्र दिवसातून दोनदा परततो. भरतीचं पाणी ज्या खडकावर चढतं, त्यालाच कालवं धरतात. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत बसले असते, तर सतरंजी, डबा आणि सर, तिन्ही वाहून गेले असते! डिंपल ओहोटीपुरती उतरायची. म्हणून घाई, म्हणून तुकडे. हितेंद्र, तुम्ही कोकण पाहिलंत. तो खडक फक्त डिंपलच्या फोटोत पाहिलात. आणि कपाटाची किल्ली तुमच्या खिशात!"

सरांचा चेहरा पडला. "अक्का, क्षमा…"

"माझ्याकडे काय पाहता? तिकडे पाहा!"

डिंपलने डोळे पुसले. "क्षमा नको, सर. पाहुण्यांसमोर हे काम कोणाचं ते सांगा."

सर पुटपुटले.

"मोठ्याने!" अक्का गरजल्या.


"हे काम… डिंपलचं आहे."