लिदाकडे जाणारी गाडी

सीमेपलीकडे जाणारी गाडी धरायची तर वेळ हाताशी ठेवूनच निघावं, हे वर्वाराचं ठाम मत. तपासण्यांतच जीव मेटाकुटीला येतो. त्यातून उलान-उदेहून मंगोलियाला जाणारी ही गाडी आठवड्यातून एकदाच. पलीकडे धाकटी बहीण लिदा शेवटच्या घटका मोजत होती. गाडी चुकली, तर लिदा काही भेटत नव्हती.

"स्टेशनात संसार मांडायचाय का, ताई?" भाऊ अर्कादीनं चिडवलं.

"गप बस. आणि खरंच बस जरा."

प्रवासाला निघण्याआधी क्षणभर मुकाट्यानं बसायचं, ही त्यांची रीत. दोघं ट्रंकेवर टेकली, उठली, सामान घेऊन खाली उतरली. अर्कादीनं मोटार सुरू केली आणि वर्वाराला आठवलं. पासपोर्ट वरच राहिला होता.

"आरशात बघ हं ताई, न विसरता," अर्कादीचा आवाज एकदम उतरला. माघारी फिरणं अशुभ; आरशात पाहिलं की ते टळतं, असं त्यांच्याकडे सगळेच मानतात.

दुपार कलली नव्हती तरी घरात अंधारून आलं होतं. आंबवलेल्या कोबीचा वास कोंडला होता. टेबलावरचा पासपोर्ट तिनं मुठीत धरला आणि दाराजवळच्या आरशासमोर उभी राहिली.

आरशातली वर्वारा तिच्याआधी वळली. कोटाची बटणं लावून सावकाश चालू लागली. दार वाजलं. जिन्यावरून जड पावलं उतरत गेली, तिच्याच बुटांची. आरशात आता नुसती भिंत उरली होती. वर्वारानं हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पाय जागचे हलेनात. खाली मोटार निघून गेली...

कुलपात किल्ली फिरली, तेव्हा बाहेर काळोख झाला होता. अर्कादी दारातच थिजला.

"ताई...? अगं, मी तुला गाडीत बसवून आलो आत्ता..."

"मी बोलले काही?"

"नाही... पासपोर्ट दाखवलास नि चढलीस. मी हात हलवला, तर नुसती बघत राहिलीस."

वर्वारानं मूठ उघडली. पासपोर्ट तिच्याच हातात होता.

लिदाच्या नवऱ्याचा, बातारचा फोन त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचाच आला. तो आनंदात होता.

"वर्वाराताई सुखरूप पोचल्या बरं का, अर्कादी! आल्यापासून बोलत नाहीत कुणाशी, दमल्या असतील. लिदाच्या उशाशी बसल्यात."

"लिदाला दे... आधी लिदाला फोन दे!"

लिदाचा धापा टाकणारा आवाज आला. "दादा... हिला घेऊन जा ना इथून. ही आपली ताई नाहीये रे..."

वर्वारानं फोन हिसकावून घेतला. "लिदा! मी इथं आहे गं! बातारला हाक मार!"

पलीकडे खाट करकरली. मग कुणीतरी वर्वाराच्याच आवाजात, अगदी मायेनं म्हणालं,

"हळू बोल. झोपलीय ती आता."